मधल्या नावाचे वडील

"आयलीन, तुझे पूर्वज मी पंधरा दिवसांत उभे करून दाखवतो! उभे!"

मनोहरपंतांनी टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं, तेव्हा नीलांबरीकाकू बिनकांद्याच्या पोह्यांवर खोबरं भुरभुरवत होत्या. "आधी तुमचा चष्मा शोधा, तो फ्रिजमध्ये आहे," हे वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण आषाढी एकादशीपासून त्यांचं मौन चालू होतं. सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी बाराच्या आरतीपर्यंत तोंडातून एक शब्द नाही! मागच्या चातुर्मासातही त्यांनी मौन धरलं होतं, पण व्हॉट्सअ‍ॅप सोडलं नव्हतं. माडीवर बसलेल्या नवऱ्याशी स्वयंपाकघरातून टाइप करून भांडायच्या. ते मौन देवाच्या खात्यात धरलं गेलं नसणार, असं त्यांचंच मन त्यांना खात होतं. म्हणून यंदा नेम कडक. बोलणं नाही, लिहिणं नाही, टाइप करणं तर नाहीच नाही. हातवारे तेवढे चालतील, कारण हातवारे मनोहरपंतांना मुळीच कळत नाहीत. न कळणाऱ्या गोष्टीला बोलणं तरी कसं म्हणायचं?

आयलीन गॅलहर ही शेजारीण. निवृत्त शिक्षिका, लग्न न केलेली, पंचाऐंशीला टेकलेली. चाळीस वर्षांपूर्वी नीलांबरीकाकू ओहायोतल्या या डब्लिनमध्ये नव्या नव्या आल्या, तेव्हा त्यांना ड्रायव्हिंग शिकवलं ते आयलीननेच. प्रत्येक वळणावर दोघी आपापल्या देवाचं नाव घ्यायच्या. त्या हिवाळ्यात जी गट्टी जमली ती जमलीच.

तर आयलीनचं म्हणणं एवढंच होतं. तिचे वडील थॉमस तरुणपणी आयर्लंड सोडून अमेरिकेत आले आणि त्यांचा भाऊ मार्टिन ऑस्ट्रेलियाला गेला. दोघं परत कधी भेटले नाहीत. आयलीन सहा वर्षांची असताना थॉमस गेले. मागे राहिला एक फोटो: दोन पोरगेले भाऊ, एकाच्या पायात बूट, दुसरा अनवाणी. फोटोच्या पाठीवर नावं होती, थॉमस फ्रान्सिस गॅलहर आणि मार्टिन जोसेफ गॅलहर.

"मार्टिनकाकांचं कुणीतरी असेलच ना कुठे," आयलीन म्हणाली. "तीन ऑगस्टला माझा वाढदिवस. त्या दिवशी त्यांच्यापैकी एकाचा आवाज ऐकू आला, तरी मला पुरे!"

"आजोबांचं नाव काय?" मनोहरपंतांनी वही उघडली.

"बाबा त्यांना नुसतं 'दा' म्हणायचे, आयरिश पोरं वडिलांना म्हणतात तसं."

"हरकत नाही! आमच्या कुलवृत्तांतात मी कोकणातल्या अकरा पिढ्या लावल्या आहेत. बाराशे माणसं! आणि चुका किती? फक्त नऊ!"

त्या नऊपैकी पाच जणांनी मनोहरपंतांशी अजून बोलणं टाकलेलं आहे, हेही काकूंना सांगता आलं नाही.

पुढचे दहा दिवस घरात आयर्लंड पसरला. जेवणाच्या टेबलावर आयर्लंड, सोफ्यावर आयर्लंड, एकदा तर देवघरातल्या निरांजनाखाली मेयो परगण्याचा नकाशा! काकूंनी तो चिमटीत धरून बाहेर आणून ठेवला. अकराव्या दिवशी दुपारी मनोहरपंत माडीवरून धाडधाड खाली आले.

"नीलांबरी! घोटाळा आहे!"

"काय झालं?" बारा वाजून गेले होते, त्यामुळे काकूंना बोलता येत होतं.

"हे दोघं सख्खे भाऊ नव्हतेच! थॉमस फ्रान्सिस. म्हणजे फ्रान्सिसचा मुलगा. मार्टिन जोसेफ. म्हणजे जोसेफचा मुलगा. बाप वेगळे! फार तर चुलतभाऊ. कदाचित नुसते आडनावबंधू!"

काकूंनी विचार केला. आपण नीलांबरी मनोहर. हे मनोहर गोविंद. मुलगा यतीन मनोहर. बरोबरच दिसत होतं.

"पण अहो, चर्चच्या रजिस्टरची तुम्ही छापलेली पानं मी पाहिली. दोघांच्याही पुढे वडिलांचं नाव मायकल आहे."

"तीच तर गंमत! मधलं नाव फ्रान्सिस आणि बाप मायकल? असं कुठे असतं का? क्लार्कची चूक!"

"दोन्हीकडे?"

"क्लार्क तोच ना! मी लाल पेनाने दुरुस्ती केली आहे."

चाळीस वर्षं अमेरिकेत काढली, पण ऑफिसात सगळे मधल्या नावाचं नुसतं एक अक्षर सांगायचे. त्या प्रत्येक अक्षरामागे एकेक बाप उभा आहे, असंच मनोहरपंत आजवर धरून चालले होते. आणि खरं सांगायचं तर नीलांबरीकाकूही.

मनोहरपंतांनी आयलीनला ही बातमी स्वतः जाऊन दिली. वर लॅमिनेट केलेला तक्ताही दिला! आयलीनने तक्त्यातल्या दोन्ही नावांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे बाबा रोज रात्री प्रार्थनेत ज्याचं नाव घ्यायचे, तो त्यांचा भाऊ नव्हता?"

"कागद खोटं बोलत नाही," मनोहरपंत म्हणाले. लाल पेन त्यांच्या खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी आयलीनने फोटो भिंतीवरून उतरवून काकूंच्या हातात दिला. "नीला, हा माझ्याकडे ठेवणं बरं नाही. मार्टिनची माणसं सापडली तर त्यांना दे." डोळे कोरडे होते, पण आवाज असा, जसा वर्गात पोरांसमोर रडायचं नाही असं ठरवलेल्या शिक्षिकेचा असतो. गेलेल्या माणसांचा फोटो देवघरात ठेवता येईना, म्हणून काकूंनी तो मायक्रोवेव्हवर ठेवला. दूध गरम करताना दोघं भाऊ रोज त्यांच्याकडे बघायचे. काकूंना दूध गोड लागेना.

त्यात बुधवारी दुपारी एक ईमेल आली. कुणी नोरा म्हणून ऑस्ट्रेलियातली बाई. वंशावळीच्या वेबसाइटवर मनोहरपंतांचा तक्ता पाहून तिने लिहिलं होतं: मार्टिन जोसेफ माझे आजोबा. त्यांचा भाऊ थॉमस ओहायोला गेला होता. मी सध्या अमेरिकेतच आहे, या शनिवारी तुमच्या गावच्या आयरिश फेस्टिव्हलला येते आहे. भेटता येईल का? माझा फोन नंबर खाली देते आहे.

मनोहरपंतांनी लगेच उत्तर पाठवलं. 'कळवण्यास खेद होतो की आपले आजोबा जोसेफ यांचे चिरंजीव असल्याने आमच्या पक्षकाराशी आपला संबंध लागत नाही.'

"पक्षकार?" काकू वैतागल्या. "अहो, शेजारीण आहे ती! निदान भेटू तरी द्या."

"उगाच आशा लावायची नाही, नीलांबरी. शास्त्र म्हणजे शास्त्र."

आला तीन ऑगस्ट, रविवार. सकाळी साडेदहाला काकू आयलीनसाठी केळं घालून केलेला शिरा डब्यात भरत होत्या. मौन चालू. आयलीनच्या चर्चने वाढदिवसाचं निमंत्रणकार्ड छापलं होतं, ते टेबलावर होतं. हिरवी किनार, तीन पानांचं शॅमरॉक, मध्ये वळणदार अक्षरांत नाव: आयलीन ग्रेस गॅलहर.

काकूंनी वाचलं. शिऱ्याचा चमचा हवेतच राहिला.

ग्रेस?

आयलीनचे वडील तर थॉमस! लग्न झालेलं नाही, म्हणजे नवराही नाही. मग हा ग्रेस कोण? कोण म्हणजे काय, ग्रेस तर बाईचं नाव! याचा अर्थ या लोकांचं मधलं नाव बापाचं नसतंच. आईबाप हौसेने आणखी एक नाव ठेवतात, झालं! म्हणजे फ्रान्सिस कुणी नाही. जोसेफ कुणी नाही. बाप एकच, मायकल. क्लार्क बिचारा बरोबर होता!

काकू धावत माडीवर गेल्या. मनोहरपंत कॉम्प्युटरपुढे बसले होते. काकूंनी कार्ड त्यांच्या नाकापुढे नाचवलं आणि 'ग्रेस'वर बोट ठेवलं.

"हो, सुंदर छपाई आहे," मनोहरपंत म्हणाले.

काकूंनी मान जोरात हलवली. वडील दाखवायला ओठांवर दोन बोटांनी मिशी काढली.

"न्हावी? आज रविवार, दुकान बंद असेल."

काकूंनी मिशी पुसली, हातांचा पाळणा केला, मग पुन्हा मिशी.

"बाळ? मिशीवालं बाळ? नीलांबरी, तुला ताप आहे का?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"तेच म्हणतोय मी! कपाळ गरम लागतंय ना?" मनोहरपंत थर्मामीटर शोधायला ड्रॉवर उपसू लागले. कागद घ्यावा, पेन घ्यावा, दोन ओळी खरडाव्यात! काकूंचा हात पेनापर्यंत गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. घड्याळात दहा पन्नास. आरतीला सत्तर मिनिटं. थांबू या. वाढदिवस काय, संध्याकाळपर्यंत आहेच.

तेवढ्यात कॉम्प्युटर वाजला. मनोहरपंतांनी मोठ्याने वाचलं.

"'उत्तराबद्दल आभार. तरी मनात होतं म्हणून फेस्टिव्हलला येऊन गेले. साडेअकराला हॉटेलमधून एअरपोर्टला निघते. तुमच्या पक्षकार बाईंना माझ्या शुभेच्छा. नोरा.' बिचारी! चांगल्या घरची दिसते. आता तिच्या आजोबांचा बापच वेगळा, त्याला आपण काय करणार?"

खाली मायक्रोवेव्हवर बुटातला भाऊ आणि अनवाणी भाऊ उभे होते.

काकूंनी डोळे मिटले, देवाला मनात हात जोडले, आणि ज्या बाईचा आवाज चाळीस वर्षांत शेजारी ऐकू गेला नव्हता, ती ओरडली:

"अहो, ग्रेस हा कुणाचा बाप असतो का?"

मनोहरपंतांच्या हातून नुकतंच सापडलेलं थर्मामीटर पडलं.

"अगं! तुझं मौन!"

"खड्ड्यात गेलं माझं मौन! आयलीन ग्रेस! सांगा, ग्रेसराव कोण? कुठले? तुमच्या तक्त्यात कुठे बसवलेत? उचला तो फोन!"

मनोहरपंतांनी कार्ड पाहिलं. तक्ता पाहिला. पुन्हा कार्ड पाहिलं. मग पायरी चुकून हवेत पाय टाकणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

"म्हणजे... क्लार्क?"

"क्लार्कची माफी नंतर मागा! आधी फोन!"

अकरा वाजून वीस मिनिटांनी आयलीनच्या दारात टॅक्सी थांबली. बॅग ओढत साठीची एक उंच बाई उतरली. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. तक्ता नको, रजिस्टर नको. दोघींचे कान एकाच साच्यातले, बाहेर वळलेले, फोटोतल्या दोन्ही पोरांसारखे! नोराने पर्समधून एक फोटो काढला. तोच, एक बुटातला, एक अनवाणी. पाठीवर मार्टिनच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: बूट टॉमचे. निघताना मला देऊन गेला.

आयलीनने मायक्रोवेव्हवरून परत आलेला आपला फोटो त्याच्या शेजारी धरला, आणि मग मात्र ती शिक्षिकेसारखी वागली नाही. नोराने विमान चुकवलं. शिरा दोन वेळा वाढला गेला. मनोहरपंत कोपऱ्यात बसून लाल पेनाने लाल पेनाच्या दुरुस्त्या खोडत होते.

संध्याकाळी घरी आल्यावर काकूंनी देवापुढे दिवा लावला. मनोहरपंत दबक्या आवाजात म्हणाले, "नीलांबरी, तुझा नेम माझ्यापायी मोडला. आता गं?"

"प्रायश्चित्त घ्यावं लागेल," काकू नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "चूक तुमची, तेव्हा प्रायश्चित्तही तुम्हीच घ्या."

म्हणून सोमवारी सकाळपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, रोज दुपारी बारा वाजेस्तोवर, काकूंच्याऐवजी मनोहरपंतांचं मौन! पहिल्याच सकाळी नऊ वाजता आयलीन आणि नोरा हात धरून आल्या.

"मनोहर," आयलीन म्हणाली, "माझ्या आईकडचं काहीच माहीत नाही बघ. तिची बहीण कॅनडाला गेली होती म्हणे. तू शोधशील?"

मनोहरपंत ताडकन उठले. त्यांनी छातीवर हात ठेवला, दहा बोटं दोनदा उघडली, हवेत एक भलंमोठं झाड काढलं आणि त्याला फांद्या फोडल्या.

"काय म्हणतायत?" नोराने विचारलं.

नीलांबरीकाकूंनी पोह्यांवर खोबरं भुरभुरवलं.

"नाही म्हणतायत," त्या म्हणाल्या.