गुलाबाचं सरबत आणि मास्तरांचा मटका

लक्ष्मीकांत मास्तरांनी करवंट्यांचा कोळसा केला, कुटला, रेतीबरोबर बुडाला भोक पाडलेल्या मटक्यात भरला आणि जाहीर केलं, "आता विहिरीच्या पाण्यानं वास मारून दाखवावा!" रंगाऱ्यांच्या नाल्यानं जुनी इंदूर मोहल्ल्यातली त्यांची विहीर पार नासली होती. मास्तर शाळेत रसायन शिकवत, आणि खोटं कशाला बोला, मटक्यानं कमाल केली. पाणी काचेसारखं, पण यायचं थेंबाथेंबानं.

झालं! मास्तर हवेत. त्यांनी हेडमास्तर जयसिंगरावांना मटका बघायला बोलावलं, ते सगळा स्टाफ घेऊन हजर.

मास्तरांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, गुलाबाच्या सरबताची बाटली काढली. गौतमपुऱ्याच्या त्यांच्या आईच्या हातची, आई गेल्यावर उरलेली शेवटची.

"एवढ्या लोकांना सगळीच लागेल," त्या म्हणाल्या. "पण अहो, एक पेला मला ठेवा हं. आईच्या हातचा वास परत नाही मिळायचा."

मटक्यातलं पाणी पुरेना, म्हणून त्यांनी सरबत विहिरीच्याच पाण्यात कालवलं. मास्तरांनी चव घेतली आणि हबकले. गुलाबामागून नाला येत होता! हे हेडमास्तरांना द्यायचं? बाई पेले घासत होत्या तेवढ्यात मास्तरांनी अख्खं पातेलं मटक्यात ओतलं. दरसाल वर्गात कोळशातून शाई गाळून नितळ पाणी काढून दाखवणारा हा माणूस! पण घाबरल्यावर कसलं रसायन आठवतंय?

बऱ्याच वेळानं पेले भरले. जयसिंगरावांनी घोट घेतला.

"वा मास्तरजी, पानी तो एकदम बढिया! थोडं गोड आहे. पण शरबत कुठाय?"

सगळे हसले. द्वारकाबाईंनी आपला पेला नाकाशी धरला, मग खाली ठेवला.

"आईचा वास कुठं गेला हो?"

"कोळशानं धरला."

"मग काढून द्या."

"तो... सोडत नाही गं."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रिकामे पेले गोळा करायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर कोळसा फेकायला निघाले, तर बाईंनी तो काढून घेतला, वाळवला आणि डब्यात भरून देवाजवळ ठेवला. नवा कोळसा करायची मास्तरांना हिंमत झाली नाही. घर पुन्हा वासाचं पाणी पिऊ लागलं.

एका दुपारी मास्तरांनी हळूच डबा उघडून नाक आत घातलं. कोळसा, निव्वळ कोळसा.

"येतो ना वास?" मागून द्वारकाबाईंनी विचारलं.

जन्मभर रसायन शिकवलेल्या मास्तरांनी झाकण लावलं.

"येतो," ते म्हणाले.