पंच्याऐंशीची थरथर

स्टिअरिंग पहिल्यांदा थरथरलं तेव्हा गाडीत मागच्या सीटवर लाल ढोबळ्या मिरच्यांची पोती होती, पुढे स्वेतोझार आणि त्याची बायको रोसांदा.

"रोसांदा, तुला काही जाणवतंय का?"

"भूक," रोसांदा म्हणाली.

"अगं, स्टिअरिंग थरथरतंय. हे बघ, हात नुसते नाचताहेत माझे."

रोसांदानं एकदा त्याच्या हातांकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या आलुबुखारांच्या बागांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "घरी चल. मिरच्या भाजायच्यात."

स्वेतोझार चाचाक शहराच्या वजनमाप कचेरीतून निरीक्षक म्हणून निवृत्त झाला होता. उभी हयात त्यानं खाटकांचे आणि भाजीवाल्यांचे तराजू तपासण्यात घालवली होती. कुणी "जरासं" म्हटलं की तो विचारी, "जरासं म्हणजे किती?" खोटं बोलणं त्याला जमत नसे. लग्नाच्या आधी रोसांदानं "मी कशी दिसते?" असं विचारलं होतं, तेव्हा त्यानं बराच वेळ नीट पाहून मगच उत्तर दिलं होतं. गाडीही तो अशीच मोजून हाकायचा. हमरस्त्याला लागला की काटा पंच्याऐंशीवर. त्याहून कमी नाही, जास्त नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून, हातवारे करून पुढे जात. तो शांतपणे म्हणे, "इंजिनाला श्वास घ्यायला हाच वेग बरा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मिलोर मेकॅनिकच्या दारात हजर झाला. मिलोरनं गाडी गल्लीतून एक फेरी मारून आणली.

"काका, लोण्यासारखी चालतेय."

"हमरस्त्यावर थरथरते."

"चाकांचा तोल गेला असता तर थरथरली असती. पण ती तर मी स्वतः वसंतात तोलून दिली होती. माझ्या हातचं काम आहे, त्यात खोट निघायची नाही." मिलोरनं डोकं खाजवलं. "स्टिअरिंगचे सांधे झिजले असतील. बदलून टाकू."

सांधे बदलले. थरथर तशीच. मग मिलोरनं ब्रेकच्या तबकड्या बदलल्या. थरथर जराही हलली नाही, म्हणजे हलत होती तशीच हलत राहिली. शेवटी मिलोरनं हात टेकले. "काका, आता ह्या गाडीत जुनं असं फक्त तुम्हीच उरलात."

तेव्हा रोसांदाचा भाऊ रातोमिर मदतीला धावून आला. रातोमिरला ह्या जगात कळत नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आपल्याला काय कळत नाही. त्यानं किल्ली घेतली, स्वेतोझारला शेजारी बसवलं आणि हमरस्त्यावर गाडी अशी पिटाळली की स्वेतोझारनं डोळे मिटून घेतले.

"दाजी, कुठाय थरथर? एका हातानं चालवतोय मी!"

"दोन्ही हात लाव आधी!"

"थरथर कुठाय ते सांगा."

थरथर खरंच नव्हती. रातोमिरनं गाडी परत आणून लावली. स्वयंपाकघरात बसून त्यानं प्रत्येकाला एकेक पेला राकिया, आलुबुखाराची कडक दारू, ओतली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, रागावू नका. मिलोरच्या हातात थरथरत नाही, माझ्या हातात थरथरत नाही. तुमच्याच हातात थरथरते. मग थरथरतंय काय?"

"काय?"

"पेला उचला बघू."

स्वेतोझारनं पेला उचलला. पेल्यातली राकिया टेबलावर सांडली.

"हा रागानं थरथरतोय!" स्वेतोझार ओरडला.

"असं सगळेच म्हणतात," रातोमिर हळहळला. "सुरुवात अशीच असते."

स्वेतोझारनं बायकोकडे पाहिलं. "तू तरी सांग गं ह्याला. काल तूच बहिणीकडे घेऊन गेली होतीस ना गाडी? थरथरली की नाही?"

रोसांदा मिरच्यांची सालं काढत होती. तिनं मान वर केली नाही. "मला नाही बाई काही जाणवलं."

बातमी इमारतीभर व्हायला लिफ्टसुद्धा लागली नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई कोंबडीचं सूप घेऊन आल्या आणि त्यांनी चमचा स्वतःच्याच हातात ठेवला. कोपऱ्यावरच्या कॅफेतला वेटर त्याला अर्धाच कप कॉफी द्यायला लागला. "सांडायला नको, काका." बुद्धिबळाच्या कट्ट्यावर तर प्रतिस्पर्धी म्हणाला, "तू नुसतं तोंडानं सांग, प्यादं मी हलवतो." ज्या हातांनी आख्ख्या जिल्ह्याचे तराजू सरळ केले, त्या हातांवर आता प्याद्याचाही भरवसा कुणाला उरला नव्हता.

डॉक्टरबाईंनी त्याला हात पुढे करायला लावले, बोटांवर कागद ठेवला. कागद हलला नाही. "हात तर छान आहेत," त्या म्हणाल्या. "पण घरचे म्हणताहेत तर मोठ्या तज्ज्ञांना दाखवू. तोवर गाडी चालवू नका."

रोसांदानं किल्ली आपल्या एप्रनच्या खिशात टाकली.

त्या दिवशी स्वेतोझार सज्जात बसून खाली उभ्या गाडीकडे कितीतरी वेळ पाहत राहिला. त्यालाही आता शंका यायला लागली होती. गुपचूप तो हात पुढे करून बघायचा. हात स्थिर असायचा. मग त्याला वाटायचं, मी बघतोय म्हणूनच हा स्थिर असेल का?

आणि शुक्रवारी दारात तियाना उभी राहिली.

तियाना त्यांची एकुलती एक मुलगी. ऑस्ट्रियात ग्राट्सला एका दवाखान्यात नोकरीला होती. गेल्या उन्हाळ्यात "बघते" म्हणाली, आली नाही. नाताळला "नक्की" म्हणाली, तेव्हाही आली नाही. तिथं सुट्टी मागणं म्हणजे किडनी मागण्यासारखं आहे, असं ती फोनवर सांगायची. आता ती बॅग खाली टाकून बापाच्या गळ्यातच पडली.

"बाबा, कधीपासून होतंय?"

"मला काही होत नाही! गाडीला होतंय!"

"बरं बरं," तियाना दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, आणि स्वेतोझारला तो आवाज रातोमिरच्या राकियाहून कडू लागला.

तरीही घरात जाग आली, हे त्याला नाकारता येईना. बापलेकींनी इमारतीच्या अंगणातल्या पत्र्याच्या चुलीवर मिरच्या भाजल्या. काळी पडलेली सालं काढताना दोघांची बोटं लालभडक झाली. तियाना लहानपणीसारखी कढईतला गरम आयवार, म्हणजे त्या मिरच्यांची चटणी, पावाच्या तुकड्यानं चोरून खात होती, आणि रोसांदा तिला लहानपणीसारखीच उलथन्यानं धाक दाखवत होती.

रविवारी रातोमिरच्या घरी कुलसंताचा, म्हणजे घराण्याच्या रक्षक संताचा, सण होता. त्याचं गाव हमरस्त्यानं गेलं तर लांब नव्हतं. गाडी तियाना चालवणार होती, रोसांदा मागे केक मांडीवर घेऊन बसली होती आणि स्वेतोझार शेजारच्या सीटवर, हात मांडीखाली दाबून. तियानाला ऑस्ट्रियातली सवय, तिनं काटा एकशे वीसवर नेला. गाडी पाण्यावरून घसरावी तशी चालली होती.

"बघा बाबा, काहीही नाही," ती हळूच म्हणाली.

"दिसतंय," स्वेतोझार म्हणाला. त्यानं मान खिडकीकडे वळवली.

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. दोन लेनची एकच लेन झाली होती आणि तिच्यात एक डुकरांचा ट्रक आपल्या गतीनं चालला होता. तियानानं नाक दाबलं, वेग कमी केला आणि ट्रकच्या मागे लागली. काटा एकशे दहावरून शंभरावर आला, तिथून नव्वदावर, मग पंच्याऐंशीवर.

"अरे देवा!" तियाना किंचाळली.

"काय झालं?"

"थरथरतंय! बाबा, स्टिअरिंग थरथरतंय! हात नाचताहेत माझे!"

स्वेतोझारनं एक हात स्टिअरिंगवर ठेवला. ओळखीची थरथर त्याच्या तळहातातून कोपरापर्यंत आली. जुना मित्र भेटावा तसा त्याचा चेहरा उजळला.

"थरथरतंय!" तो ओरडला. "रोसांदा, ऐकलंस का? थरथरतंय गं!"

रोसांदानं मागे मांडीवरचा केक नीट सावरून धरला.

एक लेन संपून पुन्हा दोन झाल्या. तियाना पुढे निघायला लागली तशी थरथर विरली. "नको!" स्वेतोझारनं तिचा दंड धरला. "मागेच राहा ट्रकच्या! पंच्याऐंशी!" तिनं वेग उतरवला. थरथर आली. वाढवला, गेली. उतरवला, आली. दोघं हसत सुटली. रातोमिरच्या गावाचा फाटा आला आणि मागे पडला, तरी ती ट्रकच्या मागेच. डुकरं जाळीतून त्यांच्याकडे गंभीरपणे बघत होती.

शेवटी ट्रकच थांबला. आडदांड चालक खाली उतरून आला. "माझ्या मागे का लागलाय हो? कोण आहात कोण तुम्ही?"

स्वेतोझार गाडीतून उतरला. त्यानं चालकाला छातीशी धरलं आणि आपल्या रिवाजाप्रमाणे गालांवर तीनदा मुके घेतले. "देव तुझं भलं करो, पोरा! असाच हळू चालवत जा!"

रातोमिरकडे पोहोचेपर्यंत सणाची मेणबत्ती अर्धी जळली होती, सूप निवलं होतं. पण स्वेतोझारनं कुणालाही जेवू दिलं नाही. पाहुण्यांना तो तीन-तीन करून गाडीत बसवून हमरस्त्यावर नेत होता. चालवायला तोच. सणाला आलेले पाद्रीबाबासुद्धा झगा सावरत बसले, त्यांनी स्टिअरिंगला हात लावला आणि म्हणाले, "आहे खरी." सगळ्यात शेवटी रातोमिर बसला. परत आल्यावर तो म्हणाला, "मला पहिल्यापासूनच गाडीचा संशय होता."

सोमवारी मिलोरनं चाकं काढली. पुढच्या डाव्या चाकाच्या कडेला तोल साधायला लावलेला शिशाचा एक छोटासा तुकडा गळून पडला होता. "प्रत्येक चाकाची नाचायची आपली एक चाल असते, काका," तो मान खाली घालून म्हणाला. "ह्याची पंच्याऐंशी. त्याच्या पुढे-मागे शांत." मिलोरच्या हातातला नवा तुकडा स्वेतोझारनं आपल्या तळव्यावर घेऊन पाहिला. वजन त्यानं अंदाजानंच सांगितलं. बरोबर निघालं.

तियाना बुधवारच्या बसनं गेली. बॅगेत आयवारच्या बरण्या होत्या, आणि बस वळेपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्वयंपाकघरात बसली. रोसांदानं कॉफी ओतली, कप काठोकाठ भरला.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. बहिणीकडे जाताना तर माझ्या बांगड्या वाजत होत्या."

स्वेतोझारनं साखरेचा चमचा खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण तू विचारलंस त्याच दिवशी सकाळी तियानाला फोनवर सहज म्हटलं, तुझ्या बाबांचे हात स्टिअरिंगवर थरथरतात. तर पोरगी म्हणाली, येते. नुसतं 'येते', 'बघते' नाही. मग मी कशाला तोंड उघडतेय?"

स्वेतोझारनं काठोकाठ भरलेला कप उचलून एक घोट घेतला. रागवायचं त्याच्या मनात होतं, पण मिरच्यांचा लाल रंग अजून त्याच्या नखांत होता.

तेवढ्यात फोन वाजला. तियाना सुखरूप पोहोचली होती.

"गाडी कशी आहे, बाबा?"

"एकदम ठीक. जराही थरथरत नाही."

"वा," तियाना म्हणाली. आणि मग, "नोव्हेंबरात चार दिवस सुट्टी मिळण्यासारखी होती. पण आता सगळं ठीक आहे, तर मग मैत्रिणीला देते. तिला हवीच आहेत."

स्वेतोझारनं रोसांदाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"मागून..." तो म्हणाला. "मागून काहीतरी खडखडतंय मात्र."

"काय खडखडतंय?"

"कळत नाही. तुलाच येऊन बघायला लागेल."

"येते, बाबा!" तियाना एवढ्या आनंदानं ओरडली की रोसांदालाही ऐकू गेलं.

त्यानं फोन ठेवला. रोसांदा त्याच्याकडे टक लावून बघत होती. "मागून खडखडायला कधीपासून लागलं?"

स्वेतोझारनं टेबलाचा खण उघडला, त्यातून पाना काढला आणि चपला पायात सरकवल्या.

"आता लागेल," तो म्हणाला, आणि जिना उतरून गाडीकडे गेला.