तेल किती, पेंड किती

दर बुधवारी सकाळी सात वाजता सॉलोमनकाका झिराडकर कोट-टाय चढवून, खाली मात्र पायजमाच ठेवून, कॉम्प्युटरसमोर बसत. लंडनच्या पार्लमेंटात तेव्हा पंतप्रधानांना प्रश्न विचारले जात आणि काका कॅनडातल्या ओकव्हिलच्या आपल्या स्वयंपाकघरातून त्यांची उलटतपासणी घेत.

मी त्यांच्या बेसमेंटमधला भाडेकरू. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिलाच. उमरखेडच्या शाळेत नागरिकशास्त्र मन लावून शिकलो होतो. पण अर्थमंत्री बैलासारखा दात बघून पारखायचा असतो, हे मला काकांनी शिकवलं.

काकांचे आजोबा रेवदंड्याला तेलाचा घाणा चालवत. ज्यू असल्यामुळे शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. काका स्वतः जन्मभर ड्राफ्ट्समन, पण माप आजोबांचंच. स्क्रीनवरचा साहेब बोलू लागला की ते गरजत, “तेल किती, पेंड किती ते सांग!” आणि भाषण संपलं की निकाल: “सगळी पेंड!”

एकदा मी विचारलं, “काका, आपला पंतप्रधान तर ओटावात आहे ना?”

“त्याला तू सांभाळ. माझी मिरियम लंडनला आहे.”

काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. मिरियम ही एकुलती एक मुलगी, लंडनच्या एका म्युनिसिपल लायब्ररीत नोकरीला. मंदी आली होती, निवडणूक तोंडावर होती आणि जिंकेल तो खर्च कट करणार हे उघड होतं. पहिली कात्री लायब्रऱ्यांवर, असं काकांचं ठाम मत.

शेजारच्या कुलकर्णीकाकू एकदा सहज बोलून गेल्या, “भाऊजी, गेली नोकरी तर गेली. पोरगी इकडे येईल, तुम्हाला सोबत होईल.”

“वहिनी, तोंडात साखर ठेवा हो! पुस्तकांशिवाय जगेल का ती? एलियाहू हन्नाबीला मलिदा बोललोय मी तिच्या नोकरीसाठी.” एलियाहू म्हणजे त्यांचा पैगंबर, कोकणातले ज्यू ज्याला नवस बोलतात तो.

निवडणुकीचे आकडे आमच्या संध्याकाळी येऊ लागले. कोणालाच बहुमत नाही! काका खुर्चीवरून उडाले. ओव्हनमधलं चिकन जळून कोळसा झालं. पुढे दोन पक्षांचं सरकार आलं, तेव्हा मला जिन्यावरून हाक: “गजू! धाव! एका घाण्याला दोन बैल जुंपलेत, आणि तोंडं दोन दिशांना!”

नवा अर्थमंत्री बजेट मांडायला उभा राहिला, तसे काकाही उभे राहिले. “हा तेल काढणार, पण ते कुणाचं?” त्या दिवशी मी ऑफिसला जायची गो ट्रेन, म्हणजे इथली लोकल, चुकवली. उठून जाणं मला जमलंच नाही.

मग एका सकाळी काका पायजम्यावर थेट माझ्या दारात. “वाचली! दोन लायब्रऱ्या एकत्र केल्या, पण मिरियमला ठेवलं! नारळ आण, नारळ!”

रविवारी मलिदा झाला. भिजवलेले पोहे, साखर, वेलची, मी खवलेलं खोबरं, वर फळं. टोरांटोहून त्यांची माणसं आली, हिब्रू प्रार्थना झाल्या, मध्येच काकांनी टाळी वाजवून जाहीर केलं, “अर्थमंत्र्याला पेंड, मिरियमला तेल!” सगळे हसले. कुलकर्णीकाकूंनी डोळे पुसले.

बसायला जागा पुरेना. काका म्हणाले, “गजू, वरच्या मागल्या खोलीत खुर्च्या आहेत.”

मी वर गेलो. खोलीला ताजा पिवळा रंग दिलेला होता. पलंगावर नवी कोरी चादर, खिडकीशी पुस्तकांचं रिकामं शेल्फ. खाली बायकांचे लोकरीच्या अस्तराचे स्नो बूट, किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

दोन खुर्च्या घेऊन उतरलो. काका जिन्याच्या पायथ्याशीच उभे होते. मी हळूच म्हणालो, “काका, पावती असेल तर बूट परत करता येतील. मी जाऊन येतो.”

“असू देत,” काका टाय सारखा करत म्हणाले. “त्या दोन बैलांचा काय भरवसा?” मग माझ्या हातातली एक खुर्ची काढून घेतली. “चल, लोक उभे आहेत.”