आमच्याकडे उणे अठरा

इनासकाका लिफ्टमध्ये शिरले की गुड मॉर्निंग म्हणत नाहीत. म्हणतात, "आमच्याकडे आज उणे अठरा!"

आमच्याकडे म्हणजे इथे बहरीनमध्ये, मुहर्रकला नव्हे. इथे जानेवारीतही एक स्वेटर पुरतो. आमच्याकडे म्हणजे फिनलंडमधल्या एका गोठलेल्या तळ्यावर, जिथे काकांनी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी ग्लोरिया तिथे वृद्धाश्रमात नर्स आहे. घर तळ्याच्या या काठाला, नोकरी त्या काठाला.

काका मूळचे वसईचे, इथे एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. दिवसभर वाफेत. घरी आले की एसी सोळावर, अंगात जाडजूड जॅकेट आणि गळ्यात दोरीला बांधलेले दोन स्क्रूड्रायव्हर.

"हे कशाला, काका?"

"बर्फ फुटून आत गेलो, तर हे कडेला खुपसायचे आणि स्वतःला वर ओढायचं. तिकडे सगळे घालतात."

"पण दुसऱ्या मजल्यावर तुम्ही कशात बुडणार?"

"शिकलेला ना तू? सराव कशाला म्हणतात ठाऊक नाही?"

शिकलेला तर मी आहेच. आमच्या घराण्यातला पहिला बी.कॉम., आणि हे सांगायला मी लाजत नाही. पण बी.कॉम.ला बर्फ नव्हता, तो काकांनी शिकवला. काळसर बर्फ पक्का, पांढरा दगाबाज. तिकडच्या म्हाताऱ्या बायका बर्फाला भोक पाडून खुशाल डुबकी मारतात. आया पोरांना घसरगाडीत बसवून तळ्यावरून बालवाडीला ओढत नेतात. पुरुष भोकाशी स्टूल टाकून मासे धरतात. "आणि मासा केवढा? बोटाएवढा! वसईत मांजर तोंड लावणार नाही."

मला वाटायचं, स्वारी निघाली फिनलंडला. "व्हिसा कधी?" विचारलं की म्हणायचे, "इंशाल्ला."

एका शुक्रवारी सकाळी खाली आलो, तर लॉबीत काका पूर्ण वेशात. हातातल्या फोनवर ग्लोरिया. तळ्याला वळसा घालून जाणारी तिची बस त्या दिवशी बंद होती. पहिल्यांदाच बर्फावरून चालत कामाला जायचं होतं.

"डॅडी, आय कान्ट! खाली पाणी आहे!"

"वाटेवर काठ्या रोवल्यात ना? त्या सोडू नको. पाय उचलायचा नाही, घसरवायचा. हे बघ, मी पण चालतोय. यल्ला, चल!"

आणि काका गुळगुळीत फरशीवरून बदकासारखे निघाले. दारापासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून दारापर्यंत. वॉचमन उठून उभा राहिला. का कोण जाणे, मीही पाय घसरवत मागोमाग निघालो. फोनमधून तोफ डागल्यासारखा आवाज आला. ग्लोरिया किंचाळली.

"अगं, तळं बोलतंय! घट्ट होताना बोलतंच ते. चल!"

तेवढ्यात पडदा काळा. थंडीने तिच्या फोनची बॅटरी बसली होती.

"खलास," वॉचमन पुटपुटला.

काका थांबले नाहीत. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत, घाम हनुवटीवरून टपटपतोय.

"काका, बसा जरा."

"ती बसलीय का? मग मी कसा बसू?"

किती फेऱ्या झाल्या, देव जाणे. शेवटी वृद्धाश्रमातून फोन आला. "डॅडी, आय डिड इट!" वॉचमनने टाळ्या पिटल्या, मी काकांना कडकडून मिठी मारली आणि एक स्क्रूड्रायव्हर बरगडीत रुतवून घेतला.

"आता व्हिसा काढाच! तयारी झाली तुमची."

"मला कुठे जायचंय?" काका कानटोपी काढत म्हणाले. "तिकडे गेली तेव्हा पहिल्याच दिवशी फोनवर रडली, थंडी सोसत नाही म्हणून. तिची आई असती तर काहीतरी बोलली असती. मला तसलं बोलता येत नाही. मग मी एसी लावला."

दुसऱ्या दिवशीही काका लॉबीत तयार. फोन आला. बर्फावर ग्लोरिया दोन मैत्रिणींबरोबर हसत चालली होती. "बाय डॅडी!" म्हणाली, आणि फोन बंद.

"शिकली," काका म्हणाले. मग गळ्यातली स्क्रूड्रायव्हरची दोरी काढायला लागले.

मी ऑफिसची बॅग वॉचमनच्या टेबलावर ठेवली. "काका, एक फेरी मारू या?"

"पाय उचलायचा नाही हं," काका म्हणाले.