सिद्रामअण्णांची बुचं

सिद्रामअण्णा कुणाच्या घरी दुःखाला भेटायला गेले, तरी खुर्चीवर टेकण्याआधी खुर्चीच्या हातांखालून अंगठा फिरवतात. समोरच्या वकिलांची आई गेली तेव्हा सगळे माना खाली घालून बसले होते आणि अण्णांचा अंगठा अडला. "वकीलसाहेब," ते हळूच म्हणाले, "लई वाईट झालं. आनि हितं स्क्रू उघडा हाय."

अण्णा आमच्या शेजारचे सुतार. मूळचे मंद्रूपचे, जुळे सोलापुरात येऊन त्यांना तीसेक वर्षं झाली. दुसऱ्यांच्या खिशातल्या डबीत तंबाखू असते, यांच्या डबीत लाकडाची बुचं. शेंगदाण्याएवढी; सागाची वेगळी, बाभळीची वेगळी. स्क्रू लाकडात खोल बसवायचा, वरच्या भोकात गोंद लावून बूच ठोकायचं, मग पटाशीने तासून सपाट करायचं. बुचाची रेघ फळीच्या रेघेला मिळालीच पाहिजे. आडवी गेली तर अण्णा त्या दिवशी धड जेवत नाहीत. काम झालं की तुमचा हात धरून फळीवर ठेवतात. "हुडका बघू." सापडत नाही म्हटलं की स्वारी खूश. सापडलं असं अजून कुणी म्हटलेलं नाही, तेवढी कुणाची हिंमत नाही.

"एकदा बूच मारलं म्हंजे कायमचं," हे त्यांचं दुसरं वाक्य. आमचा दिवाण त्यांनी आतल्या खोलीतच जोडला आणि लगोलग बुचं मारून टाकली. वर्षभराने तो बाहेरच्या खोलीत न्यायचा ठरला, तर दारातून निघेना.

"अण्णा, स्क्रू काढा की याचे."

"कुटला स्क्रू?" अण्णा म्हणाले.

दिवाण तिथंच आहे. घर विकायची वेळ आली तर दिवाणासकट विकावं लागेल.

अशा माणसाच्या घरात गेल्या दिवाळीनंतर उघडे स्क्रू दिसले. त्यांच्या बायकोला, महादेवीअक्कांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. खाटेपासून मोरीपर्यंत धरून चालता यावं म्हणून अण्णांनी भिंतीला सागाचा कठडा बसवला. हाताला लागू नयेत म्हणून स्क्रू खोल घातले होते, पण बारा भोकांपैकी एकावरही बूच नव्हतं.

मला राहवलं नाही. "काय अण्णा, तुमच्याच घरात?"

"हे तात्पुरतं हाय, सर. ती चालाय लागली की काढायचंय."

दर सोमवारी ते प्रत्येक भोकात तेलाचा एकेक थेंब सोडायचे. गंज चढला तर काढताना स्क्रू अडतील ना. आम्ही शेजारीपाजारी याच्यावर हसायचो, मी जरा जास्तच. आता त्या हसण्याची लाज वाटते.

अक्का कठडा धरून आधी पाच पावलं टाकायच्या, मग तीन. उन्हाळा लागला तेव्हा पाऊल उचलेनासं झालं. तेल मात्र सोमवारच्या सोमवारी चालू होतं.

परवा पाण्याचा दिवस होता. अण्णा नळावर दिसले नाहीत म्हणून त्यांच्या दोन घागरी भरून मीच आत नेल्या. अण्णा खाटेशी बसून दुधात भाकरी कुस्करत होते. घागर टेकवताना मी कठड्याला धरलं. हात गुळगुळीत फिरला. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवून पाहिला. बारातलं एकही भोक लागलं नाही. गोंद धरावा म्हणून प्रत्येक भोकातलं तेल त्यांना आधी पुसून काढावं लागलं असणार.

अण्णांनी वर पाहिलं. "हुडका बघू" म्हणाले नाहीत.

अक्काच बोलल्या, जड जिभेने, थांबत थांबत. "मीच म्हनले... बुचं मारा आता. किती दिस... तेल घालनार?"

मी जे नेहमी म्हणायचो तेच म्हणालो. "सापडत नाही, अण्णा."

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि पुढचा घास त्यांनी अक्कांच्या डाव्या गालाच्या बाजूने सरकवला.