दोन विंगसूट आणि एक चादर कुरडया

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता अर्जुनरावांनी ठरवलं, की नुसतं अंगात घालून तर बघू. एवढंच ठरवलं. माणसाने आयुष्यात जे काही मोठं केलेलं असतं, त्याच्या मुळाशी असलं काहीतरी बारीक ठरवणं असतं. फक्त एरवी त्याचा शेवट कुरडयांवर होत नाही.

अर्जुनराव चाकणच्या एका कारखान्यातून खरेदी विभागाचे क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम मन लावून केलं. तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, आणि खाली शेरा मारायचा. बेअरिंग असो की कॅन्टीनचं पातेलं, तक्त्याशिवाय गेटच्या आत आलं नाही. निवृत्तीनंतर ही सवय घरी आली. इडलीपात्राचा तक्ता झाला, गुडघेदुखीच्या तेलांचा झाला. मुलीसाठी आलेल्या स्थळांचाही झाला. (तो तक्ता पाहूनच स्वरूपाने दुबईची नोकरी धरली, असं त्यांच्या पत्नी सुमनताईंचं ठाम मत होतं.)

या कामात त्यांचा एक नियम होता. नमुना स्वतः तपासल्याशिवाय पास करायचं नाही, आणि नापास तर अजिबात करायचं नाही. साहेबांनी डोळे वटारले तरी नाही.

तर ही स्वरूपा चार वर्षांनी पंधरा दिवसांची रजा काढून रहाटणीच्या फ्लॅटवर आली, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना, आमटी वाढून घेता घेता म्हणाली, "आई, बाबा, एक सांगायचंय. मी विमानातून उड्या मारते."

सुमनताईंच्या हातातली पळी पातेल्यावर थांबली. "कोणी ढकलतं का तुला?"

"नाही गं. हौस. पॅराशूट असतं. सुट्टीच्या दिवशी आमचा एक ग्रुप जातो."

"किती वेळा मारलीस?" अर्जुनरावांनी विचारलं.

"दोनशे चौदा."

यावर बापाने काय बोलावं याची कुठे सोय नाही. अर्जुनराव म्हणाले, "शनिवारी की रविवारी?" (धक्का बसला की माणूस मूळ स्वभावावर जातो.)

जेवणं झाल्यावर तिने बॅगेतून दोन भले मोठे अंगरखे काढून दिवाणावर पसरले. एक निळा, एक लाल. हातापासून कमरेपर्यंत कापड, दोन पायांच्या मध्येही कापड.

"अगं बाई, वटवाघूळ!" सुमनताई म्हणाल्या.

"विंगसूट. हा घालून उडी मारली की सरळ खाली न पडता तरंगत पुढे जाता येतं. दोनशे उड्या झाल्याशिवाय घालूच देत नाहीत. दोन्ही वापरून बघायला आणलेत, एक घ्यायचाय." मग ती बापाजवळ येऊन बसली. "बाबा, तुम्ही जन्मभर हेच केलंत. तुम्हीच करा ना तक्ता. तुम्ही दोन्ही नापास केलेत, तर मी नाही घेणार. शब्द देते."

अर्जुनरावांनी चष्मा पुसला. दोन्ही सूट त्यांनी त्याच क्षणी मनातल्या मनात नापास केले होते. आता फक्त कारण शोधायचं बाकी होतं, आणि कारण शोधण्यात तर हयात गेलेली.

दोन दिवस चौकशी चालली.

"दोन्हींत फरक काय?"

"निळ्याचे पंख लहान. शिकाऊ लोकांसाठी. लाल मोठा, तो हवेत जास्त वेळ राहतो. मला लाल आवडलाय."

"जास्त वेळ राहून करायचं काय?"

"काही नाही. राहायचं."

अर्जुनरावांनी वहीत लिहिलं: प्रयोजन, काही नाही.

"पॅराशूट उघडतं कसं?"

"पाठीवरच्या बॅगेला खाली, कमरेच्या मागे एक मूठ असते. हात मागे नेऊन ती ओढायची."

"हात पोचला नाही तर?"

"पोचतो, बाबा. दोनशे चौदा वेळा पोचलाय."

"तो साध्या कपड्यांत. या पंखांत पोचल्याचा पुरावा काय?"

स्वरूपा लाल सुटाची घडी घालू लागली. अर्जुनराव मनातून खूश झाले आणि खूश झाल्याचं त्यांना वाईटही वाटलं, कारण पोरीचा चेहरा उतरला होता. विषय बदलायला तिने मग त्या उड्या मारणाऱ्या मंडळींच्या गमती सांगितल्या. तिथे म्हणे डॉक्टर, टॅक्सीवाला, बँकेचा साहेब सगळे एकाच चटईवर बसून एकमेकांची टर उडवतात. कोणी उतरताना बुडावर आपटला, तर बाकीचे हातांची बोटं दाखवून मार्क देतात. आणि कोणीही काहीही पहिल्यांदा केलं, की त्याने सगळ्यांना पाजायचं. (काय पाजायचं, याला तिने आईसमोर 'लिंबूसरबत' असा शब्द वापरला.)

"आणि लाजायचं नाही," ती म्हणाली. "पडलं तरी वहीत लिहायचं."

मंगळवार उजाडला. स्वरूपा कॉलेजच्या मैत्रिणींना भेटायला ताथवड्याला गेली. सुमनताई तळमजल्यावर भिशीला गेल्या. जाताना बजावून गेल्या, "अहो, हॉलमध्ये चादरीवर कुरडया वाळत घातल्यात. गच्चीवर कबुतरं ठेवत नाहीत म्हणून पंख्याखाली आणल्या. पोरीला न्यायच्यात. पंखा पाचवरून कमी करू नका आणि तिकडे फिरकू नका."

अर्जुनराव फिरकणार नव्हते. त्यांना तक्ता पुरा करायचा होता. 'लाल: नापास. निळा: नापास.' एवढं लिहून झालं आणि पेन थांबलं. नमुना तपासला नव्हता. समोर कोणी साहेब नव्हता, ऑडिट नव्हतं, तरीही पेन पुढे जाईना.

आधी निळा घातला. उंची बापलेकीची सारखीच, त्यामुळे अंगात नीट बसला. पोटापाशी थोडी घासाघीस झाली इतकंच. हात मागे नेला. पोचला. चेन उघडली, बाहेर आले, वहीत नोंद केली. सगळं कसं शिस्तीत.

मग लाल. पायात पाय, हातात हात, आणि घोट्यापासून गळ्यापर्यंत लांबच लांब चेन. ती वर ओढता ओढता गळ्याशी आली आणि तिने बनियनचा काठ घट्ट धरला. आता वर जाईना, खाली येईना. दोन पायांच्या मध्ये कापड असल्यामुळे पाऊल वीतभर पडे. तसेच हॉलमधल्या आरशापुढे आले, तर त्यात फक्त वरची निम्मी बाजू दिसत होती. खालची दिसायला हवी म्हणून अर्जुनराव मोठ्या कष्टाने, आधी एक गुडघा, मग दुसरा, असे हॉलमधल्या दिवाणावर चढले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

पंखा पाचवर होता.

सुटात हवा शिरायला जाळीची तोंडं असतात, हे त्यांना माहीत नव्हतं. वारा आत शिरला, पंख भरले. खांद्यापासून कमरेपर्यंत काहीतरी फुगून वर आलं, आणि कोणी काखेत हात घालून उचलू पाहावं तसं त्यांना वाटलं. लहानपणी वडील उचलत, तसं. अर्जुनरावांनी डोळे मिटले. करायचं काय? काही नाही. राहायचं.

दारावरची बेल वाजली.

"आलो!" म्हणून अर्जुनराव सवयीने दिवाणावरून उतरायला निघाले. एक पाय पुढे टाकला, तर दुसराही त्याच्याबरोबर निघाला. पुढचं वर्णन करण्यासारखं फार नाही. दिवाणाची उंची दीड फूट. खाली चादर. चादरीवर कुरडया.

"काय ओ झालं?" दाराबाहेरून आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या कस्तुरामावशी. ही बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी राहिली, त्या घरातल्या.

"काही नाही, मावशी. जरा पडलोय."

"लागलं का?"

"नाही."

"मंग दार उघडा की."

"उघडता येत नाही."

"का बरं? हात बांधल्यात का काय कुणी?"

अर्जुनरावांनी क्षणभर विचार केला. "तसंच काहीसं."

"अगं बया! चोर हाय आत? आवो सुमनताई!" मावशींचा आवाज जिन्याने खाली पळत सुटला.

अर्जुनराव पालथे पडून राहिले. उठायला हात टेकावे, तर पंख चादरीला अडके. एक हात मागे, मूठ असते त्या जागी न्यायचा यत्न केला. कापड इतकं ताणलं गेलं, की हात कमरेपर्यंतही पोचेना. तपासणीच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा होता; पण वही आतल्या खोलीत होती.

पडताना दिवाणावरची एक दुसरी वही मात्र त्यांच्याबरोबर खाली आली होती, आणि नाकासमोर उघडून पडली होती. स्वरूपाची उड्यांची नोंदवही. चष्मा शाबूत होता. बोटं मोकळी होती. अर्जुनरावांनी पहिल्यांदा नुसते रकाने पाहिले. क्रमांक, तारीख, उंची, विमान, शेरा, साक्षीदाराची सही. एकही रकाना कोरा नाही. एकही खाडाखोड नाही. चुकलेल्या ठिकाणी एकच रेघ आणि बाजूला छोटी सही. हे त्यांनीच तिला ती सहावीत असताना शिकवलं होतं.

बाकी इंग्रजीत, पण शेरे मराठीत होते.

'क्र. १९. उतरणं बरं. लगेच घरी फोन. दम लागलेला. बाबा म्हणाले, हिमोग्लोबिन तपास.'

दर रविवारी साडेदहाला तिचा फोन येई आणि ती धापा टाकत असे. "जिना चढून आले," म्हणे. अर्जुनरावांनी तिच्यासाठी लोहाच्या गोळ्यांचा तक्ता केला होता. सुमनताईंनी कोणी ना कोणी जाणाऱ्याबरोबर अळिवाचे लाडू पाठवले होते.

'क्र. २३. आईचे लाडू सगळ्या ग्रुपने संपवले. अशक्तपणा गेला, असं सगळे म्हणाले.'

'क्र. ५७. आज बाबांचा वाढदिवस. दहा हजार फुटांवरून ओरडून शुभेच्छा दिल्या. ऐकू गेल्या नसतील.'

'क्र. १००. शंभरावी म्हणून तोंडाला क्रीम फासलं. घरी फोटो पाठवला. ऑफिसातला वाढदिवस असं सांगितलं.'

'क्र. ११२. पाय मुरगळला. घरी, ऑफिसच्या जिन्यात असं सांगितलं. जिन्यावर फारच आळ घेतेय मी.'

'क्र. २१४. आता जाऊन सांगणार. बाबा नाही म्हणाले तर? तरी सांगणार.'

अर्जुनरावांनी गाल कुरडयांवर टेकला. म्हणजे दर रविवारी जमिनीवर पाय लागल्याबरोबर, इतर लोक टाळ्या पिटत असताना, ही पोरगी आधी यांना फोन लावत होती. त्यांना वाटायचं, कर्तव्य म्हणून करते.

किल्ली फिरली. दारात ताथवड्याहून नुकतीच परतलेली स्वरूपा, तिच्यामागे भिशीतून उठून आलेल्या सुमनताई, आणि त्यांच्यामागे हातात झाडू घेऊन कस्तुरामावशी.

कोणी काही बोलायच्या आत स्वरूपाच्या तोंडून उड्यांच्या सवयीने आपसूक निघालं, "बाबा, हनुवटी वर! कंबर खाली! हां, आता बरोबर."

"माझ्या कुरडया!" सुमनताई म्हणाल्या. मग सावरून, "अहो, तुम्हाला लागलं नाही ना?"

"चोर कुठाय?" मावशींनी झाडू उगारला. खाली बघितलं. "ह्यो तर आपलाच माणूस हाय. पर असा का पसरलाय? कुठं जायचं व्हतं?"

स्वरूपाने कात्रीने बनियनचा काठ कापला आणि चेन खाली आली. सुमनताईंनी नवऱ्याच्या गालावरच्या शेवया एकेक करून सोडवल्या, बऱ्याच हळुवारपणे. सोडवलेल्या मात्र ताटलीत ठेवत गेल्या.

अर्जुनराव चहा घेऊन वही पुढे ओढून बसले. स्वरूपा समोर, हाताची घडी घालून. तिच्या तोंडावर हसू होतं, पण नजर पेनावर होती.

त्यांनी आधीचे दोन्ही 'नापास' एका रेघेने खोडले, बाजूला छोटी सही केली, आणि खाली मोठ्याने वाचत लिहिलं: "लाल: नापास. हात मागे पोचत नाही. प्रत्यक्ष तपासणी केली."

"आमचा कोचपण हेच म्हणत होता," स्वरूपा हळूच म्हणाली. "मलाच पटत नव्हतं. आणि निळा?"

पेन थोडं थांबलं.

"निळा: शिफारस आहे. अट एक. उतरल्यावर फोन करावा आणि त्यात जिना आणू नये."

स्वरूपा उठून बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. तिथे अजून एक कुरडई चिकटलेली होती. ती तिने खाल्ली.

"आता प्रथा," ती नाक पुसत म्हणाली. "पहिल्यांदा केलंत, तर सगळ्यांना पाजायचं."

"लिंबूसरबत," सुमनताई म्हणाल्या, "आणि खरंखुरं लिंबूसरबत." कस्तुरामावशी दोन पेले प्यायल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटं दाखवून दहापैकी चार मार्क दिले.

स्वरूपाने आपल्या नोंदवहीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि ठसठशीत अक्षरात भरलं: 'नाव: बाबा. क्रमांक: १. उंची: दीड फूट. विमान: दिवाण. शेरा: धाडसी उडी.' पान पाहून अर्जुनरावांचा ऊर इतका भरून आला, की पंख्याचीही गरज पडली नसती. त्यांनी रकाने तपासले. एक राहिला होता.

"साक्षीदाराची सही नाही," ते म्हणाले. "सहीशिवाय नोंद धरत नाहीत."

सुमनताईंनी चष्मा लावला. चौतीस वर्षं क्लार्कच्या संसारात काढलेल्या त्या. त्यांनी नोंद वरपासून खालपर्यंत वाचली, 'धाडसी उडी' वर एकच सरळ रेघ मारली, बाजूला छोटी सही केली, आणि लिहिलं:

'उडी नाही. पडले. पडलेले समक्ष पाहिले. कुरडया परत घालून द्याव्यात.'