सोनवणे सरांची नावांची यादी

सोनवणे सरांना डब्यातली चटणी दिली, की खाण्याआधी ते विचारतात, "कृती कुणाची?"

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. कारळ्याची चटणी होती. मी म्हटलं, "सासूबाईंची." सरांचा हात तिथंच थांबला. "नाव?" "शकुंतला." "शकुंतलाबाईंचे आभार," असं चटणीकडे बघत ते म्हणाले आणि मग खाल्ली. घरी हे सांगितलं, तेव्हापासून सासूबाई सरांसाठी वेगळी डबी भरतात. तीस वर्षं चटणी कुटतायत, आभार पहिल्यांदाच आले होते.

नगरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. दूध संकलन केंद्रावर ठेवायची पेटी आम्ही बनवतो. दूध मोजलं, फॅट तपासलं, की पेटीतून शेतकऱ्याच्या नावाची मराठी चिठ्ठी बाहेर येते. पेटीच्या पोटात लिनक्स नावाची संगणकप्रणाली चालते आणि त्या पोटाचे डॉक्टर म्हणजे सोनवणे सर. वय पन्नाशीचं, गाव तिसगाव. लग्न केलेलं नाही. दर शनिवारी एसटीनं आईकडे जातात, सोमवारी सकाळी हजर.

त्यांचं शिकवणं साधं असतं. पेटीचा प्रोसेसर एवढासा. त्याच्यावरच प्रोग्रॅम तयार करायला बसलो तर तो बिचारा दमून जाईल. म्हणून ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर त्याच्यासाठी प्रोग्रॅम तयार करायचा आणि मग पेटीत भरायचा. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. सर म्हणाले, "आमच्याकडची लोकं ऊसतोडीला जाताना तिखट-मीठ, पीठ सगळं घरूनच करून नेतात. तिकडं चूल केवढीशी! पण करताना तिकडच्या चुलीचाच इचार करायचा. समजलं?" कॉलेजात एक सत्र घालवून जे समजलं नव्हतं, ते तिथं समजलं.

हे लिनक्स आणि त्याच्यासोबतचे शेकडो छोटे प्रोग्रॅम जगभरच्या लोकांनी लिहून मोकळे सोडलेत. प्रत्येकाचं लायसन्स असतं: वापरा, पण आमच्या या अटी पाळा. बहुतेक ठिकाणी अट एवढीच, की लिहिणाऱ्याचं नाव काढू नका. बाकीच्यांना हा कंटाळवाणा कारभार वाटतो. सर त्यावरच जगतात. "फुकट म्हंजे बेवारस न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी कुणी सुविचार टाकला, की खाली सरांचा प्रश्न हजर: "कुणी लिहिलंय?" या प्रश्नापायी नातेवाइकांच्या तीन ग्रुपमधून त्यांना काढून टाकलंय. त्याचं त्यांना काही वाटत नाही.

एकदा माझ्यामुळेच सगळं अडलं. चिठ्ठीवर जोडाक्षरं फुटत होती. ज्ञानेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर नुसते तुकडे यायचे. मला नेटवर एक छोटा प्रोग्रॅम सापडला, अक्षरं झकास जुळवणारा. मी तो घातला आणि घरी गेले. सकाळी बघते तर पेटीचं सगळं सॉफ्टवेअर बांधणारा कॉम्प्युटर लाल अक्षरं दाखवून थांबलेला. ज्याचं लायसन्स माहीत नाही ते आत घ्यायचं नाही, असा नियम सरांनीच त्याला घालून दिला होता.

सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "कुणाचं हाय हे?"

"सर, नुसतंच होतं. लायसन्सची फाइलच नव्हती."

"मग आपल्याला परवानगी न्हाई."

आमचे मालक बोरुडे साहेब धावत आले. सोमवारी चाळीस पेट्या पाथर्डी तालुक्यात पोचवायच्या होत्या. "अहो सर, नेटवर पडलेलं आहे ते!"

"पडलेलं न्हाई साहेब. कुणीतरी ठेवलंय. त्याला इचारू."

"आणि त्यानं उत्तर नाही दिलं तर?"

"तर ज्ञानेश्वरांची माफी मागू."

सरांनी त्या प्रोग्रॅमच्या कर्त्याचा पत्ता हुडकला आणि मेल लिहिली. दोन दिवस काही आलं नाही. साहेब दर तासाला येऊन टेबलावर बोटं वाजवून जायचे. मी सासूबाईंना सांगून ठेवलं, की माझी नोकरी बहुतेक जातेय. शनिवारी सर गावाला गेलेच नाहीत. दुपारी उत्तर आलं. कर्ता नेपाळमधला एक निवृत्त शिक्षक निघाला. शाळेतल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांसाठी त्यानं तो प्रोग्रॅम केला होता. सरांनी मेल उभं राहून वाचून दाखवली. "इतक्या वर्षांत विचारणारे तुम्ही पहिलेच. खुशाल वापरा. मी लायसन्सही जोडून टाकलं आहे." मग सर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पेट्या सोमवारी गेल्या. तिसगावजवळच्या एका केंद्रावर पेटी बसवायला मी आणि सर दोघं गेलो. केंद्राच्या सचिवानं चुकून 'माहिती' हे बटण दाबलं. त्या बटणामागे सरांनी सगळ्या प्रोग्रॅम-कर्त्यांची यादी ठेवली होती. पडद्यावर परदेशी नावं सरकायला लागली, ती थांबेचनात. कॅन घेऊन उभी असलेली माणसं पुढे आली.

"कसली यादी हाय? अनुदानाची का?"

"आपलं नाव हाय का बघा की!"

सरांनी सगळ्यांना समजावलं, की ह्या लोकांनी ही पेटी बनवायला मदत केलीय. एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "एवढ्या लोकांनी? आन् दूध तर माझं दीड लिटर!" सर इतके हसलेले मी कधी पाहिले नव्हते.

तिथून त्यांनी मला घरी चहाला नेलं. एप्रिल होता. विहारापाशी जयंतीची तयारी चाललेली, कर्ण्यावर गाणी लागलेली. सरांची आई, गयाबाई, ओट्यावर बसली होती. ऐकायला कमी येत असल्यामुळे हात कानामागे धरलेला. एक गाणं लागलं आणि तिची मान डोलायला लागली. चपला झिजू नयेत म्हणून हातात धरून शाळेला निघालेल्या मुलीचं गाणं होतं ते.

"आईचं हाय," सर माझ्याजवळ हळू आवाजात म्हणाले. "खुरपताना जुळवलेलं. आता गावोगाव वाजतं. तिचं नाव घ्या म्हणून गाणाऱ्याला दोन पत्रं लिहिली मी. उत्तर न्हाई."

गाणं संपलं. शेवटी गाणाऱ्यानं गीतकाराचं नाव सांगितलं. ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

गयाबाईनं लेकाकडे पाहिलं. "घेतलं का रं माझं नाव?"

सर उठले, तिच्या कानाशी वाकले. "घेतलं की आई. चांगलं मोठ्यानं घेतलं."

"तुमी बी आयकलं ना?" तिनं मला विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते तिच्या खांद्यावरचा पदर सारखा करत होते.

"ऐकलं ना मावशी," मी म्हटलं. "गयाबाई सोनवणे, तिसगाव."

म्हातारी समाधानानं हसली आणि चहा टाकायला आत गेली.